नावांचा ताळा

१

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. ती लाज आमच्या आधीच्या पिढ्यांनी वाहिली. भाड्याची खोली मिळावी म्हणून आजोबांनी एकदा आणि नोकरीत कुणी वाकडं बोलू नये म्हणून वडिलांनी एकदा, असं आमचं आडनाव दोनदा बदललं. मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते, आणि आडनाव विचारणाऱ्याला उत्तर देताना नेहमी त्याच्या डोळ्यांत बघत आले. आज लिहीत नाही त्याचं कारण निराळं आहे.

आम्ही दोघं भावंडं. मी शालन, लग्न केलं नाही. प्रज्ञेश माझ्याहून बराच लहान. आईवडील गेल्यावर त्याला मीच वाढवला. त्याने कंपनीतल्या नीरजाशी लग्न केलं. नीरजा शनिवार पेठेतली, गुणाची मुलगी. तिचे वडील दिगंबरराव मात्र अस्सल. अपमानसुद्धा ते बशीत वाढून, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरून देतात.

नीरजाला मुलगा झाला तेव्हा ते दवाखान्यात एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. त्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत.

"चौदा पिढ्या आहेत," ते म्हणाले. "मुलीची मुलं यात घेत नाहीत, तसा नियम आहे. पण आपल्याकडेही असेलच की काहीतरी, शालनताई. की आपलं छप्पन सालापासूनच सुरू होतं?"

छप्पन सालापासून आम्ही माणसासारखं जगायला लागलो, हे उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. बाळंतिणीच्या खोलीत भांडण नको म्हणून गिळलं. पण ते काही पचलं नाही. घरी पोचेपर्यंत मी ठरवून टाकलं, की बारशाला या माणसाला पहिल्या रांगेत बसवायचं आणि आमच्या पिढ्या एकेक करून त्याच्या कानात ओतायच्या. तोंड पडलेलं बघायचं होतं मला त्याचं. बाकी काही नको होतं.

२

एक धागा हातात होता. प्रज्ञेशच्या जात पडताळणीच्या वेळी आम्ही आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा काढला होता. त्यात आजोबांच्या वडिलांचं नाव होतं जोनास येसाजी. समितीने तेव्हा विचारलंही होतं, हा जोनास कसा? मी प्रतिज्ञापत्र जोडून विषय मिटवला. पण जोनास म्हणजे चर्च, आणि 'आपण पलटणीतले' एवढं एक वाक्य घरात कधीमधी कानावर आलेलं. चर्च आणि पलटण एकत्र कुठे सापडणार? कॅम्पात.

वडील असते तर त्यांनी जाऊ दिलं नसतं. मागे बघायचं नाही, असं ते म्हणायचे. त्यांची आणखी एक शिस्त होती. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, कुठेही नाव पुकारलं की ते तोंडाने ओ देत नसत, नुसता हात वर करायचे. आम्हालाही तेच शिकवलं. शाळेत हजेरीला मी हात वर करायचे आणि बाई विचारायच्या, तोंड नाही का तुला? वडिलांच्या त्या भिडस्तपणाचा मला फार राग यायचा. मान खाली घालून जगण्याचाच तो एक प्रकार, असं मी धरून चालले होते.

कॅम्पातलं ते जुनं चर्च पूर्वी लष्करासाठीच होतं. शिपाई आणि अंमलदारांचे बाप्तिस्मे, लग्नं, दफनं हुद्दा-पलटणीसकट तिथल्या वह्यांत नोंदलेली आहेत. परवानगी काढली की चर्चच्या नोंदी सांभाळणाऱ्या उजागरेबाई त्या दाखवतात. त्यांचे नियम कडक. फोटो काढायचा नाही, वहीला हात लावायचा नाही. त्या मोठ्याने वाचणार, आपण लिहून घ्यायचं. मग त्या पुन्हा वाचणार आणि आपलं लिहिलेलं जुळलं की आपण 'हो' म्हणायचं. याला त्या ताळा म्हणत. कोर्टात जन्म गेलेल्या मला ही पद्धत आवडली.

पाद्र्यांचे झगे ठेवायच्या आतल्या खोलीत आम्ही बसत होतो. दार अर्धं उघडं, बाहेर मोठं दालन आणि बाकांच्या रांगा. बाकांना खाचा पाडलेल्या आहेत. सोल्जर प्रार्थनेला बंदुका घेऊन यायचे, त्या टेकवायला. बाहेर भर दुपारी रिक्षांचा कलकलाट, आणि आत मात्र स्वतःचा श्वास ऐकू येतो.

येसनाक पहिल्याच दिवशी सापडला. देशी पायदळातला शिपाई. त्याच पानावर मुलाचा बाप्तिस्मा, नाव जोनास. मास्तरांनी येसनाकचा येसाजी केला असणार. मला इतका आनंद झाला की मी उजागरेबाईंचा हातच धरला.

"ताळा राहिलाय, बाई," त्या म्हणाल्या आणि वाचू लागल्या. "येसनाक, शिपाई."

"हो," मी म्हटलं.

"हो," बाहेरच्या दालनातून आलं.

उंच भिंती आहेत, आवाज घुमतो, असं मी मनाशी म्हटलं. त्यांनी जोनासचं नाव वाचलं. मी हो म्हटलं, बाहेरही हो झालं. उजागरेबाईंनी मान वर केली नाही. परत येताना कात्रजच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की तो आवाज पुरुषाचा होता.

३

पुढच्या खेपेला येसनाक हवालदार झालेला सापडला. शिपायाचा एकदम हवालदार! मला वाटलं, नक्की कुठल्यातरी लढाईत गाजला असणार. पलटण कुठे लढली, कोण पडलं, हे बघावं म्हणून मी दफनांची वही मागितली. उजागरेबाई वाचता वाचता मध्येच थांबल्या.

"वाचा की."

"सोननाक, शिपाई," त्यांनी सावकाश वाचलं. "कोर्ट मार्शलच्या हुकमाने गोळी घालून ठार. येसनाकच्या एकट्याच्या साक्षीवरून. शेवटपर्यंत गुन्हा नाकबूल." त्यांचं बोट खाली सरकलं. "सोननाकची बायको. सोननाकचा मुलगा, अंगावर पिणारा. सगळी एकाच महिन्यात."

येसनाकची बढतीही त्याच महिन्यातली होती. दोन्ही वह्या टेबलावर शेजारी शेजारी उघड्या होत्या.

"हे लिहायचं ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"असेल तसं लिहायचं असतं, बाई."

"सोननाक आमचा कुणी नाही," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा. "त्याचं मला काय करायचंय?"

बाहेर टक् झालं. लाकडाच्या खाचेत काहीतरी जड नेमकं बसवल्याचा आवाज. उजागरेबाई उठून दारात गेल्या, त्यांच्या मागे मी. सगळी बाकं रिकामी होती. भिंतीलगतच्या शेवटच्या बाकावर धूळ होती, आणि ती एका जागी पुसलेली होती. माणूस बसून उठला की पुसली जाते तेवढीच.

"झाडूवाला टेकला असेल," मी म्हटलं.

"असेल." त्यांनी आत येऊन दोन्ही वह्या मिटल्या, फडताळात ठेवल्या, कुलूप लावलं. "तुमचं काम झालंय. आता येऊ नका."

"का पण?"

"मला बरं वाटलं नाही, एवढंच," त्या म्हणाल्या, आणि मला फाटकापर्यंत सोडायलासुद्धा आल्या नाहीत.

४

येसनाकने खोटी साक्ष दिली असेल किंवा नसेल. गोऱ्या साहेबाने गळ्यावर पाय ठेवून द्यायला लावली असेल. दिगंबररावांच्या चौदा पिढ्यांत कुणी कधी खोटं बोललंच नाही का? त्यांच्या पुस्तकात छापलंय का तसलं काही? बसमध्ये, स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना मी हाच वाद स्वतःशी घालत होते. आणि प्रत्येक वेळी जिंकत होते.

मंडईजवळच्या एका फ्रेमवाल्याकडे वंशावळ छापायला द्यायची होती. देण्याआधी ताळा करायला मी बसले. दुपारची वेळ होती. नीरजा आणि बाळ शनिवार पेठेत, प्रज्ञेश ऑफिसात. कात्रजच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटी. कागद समोर ठेवला, पेन्सिल घेतली आणि सवयीने मोठ्याने वाचायला लागले.

"येसनाक, हवालदार."

"हो." बाल्कनीच्या बंद दारापलीकडून.

पेन्सिल माझ्या हातात तशीच राहिली. खाली कुणीतरी फोनवर बोलत असेल, असं मला वाटलं. खात्री करून घ्यावी म्हणून, हो, केवळ खात्रीसाठी, मी पुढचं नाव वाचलं.

"जोनास."

"हो." आता बाल्कनीचं दार माझ्या आणि आवाजाच्या मध्ये नव्हतं.

आजोबांचं नाव मी वाचलं तेव्हा 'हो' डायनिंग टेबलाजवळून आलं. घाईचा आवाज नव्हता तो. राग असता तर मी ओरडले असते, पळाले असते. तो कामात असलेल्या माणसाचा आवाज होता, खाली मान घालून लिहिणाऱ्याचा.

वडिलांचं नाव वाचलं. काहीच आलं नाही. पंख्याची घरघर तेवढी चालू होती. मी वाट बघत बसले, आणि मग मला आतूनच कळलं की पलीकडच्याला नाव नीट लागलेलं नाही. माझा सगळा जन्म या कामात गेला. समोरच्याला लागलं नाही की आपण पुन्हा सांगायचं, सावकाश, पूर्ण, शब्द सुटा करून. माझं तोंड माझ्या आधी उघडलं. मी वडिलांचं नाव पुन्हा सांगितलं. त्यांचं जुनं आडनाव, आजोबांनी लावलेलं. मग त्यांनी बदलून घेतलेलं नवं, आमचं आताचं.

"हो," अगदी माझ्या खुर्चीच्या पाठीशी आलं.

त्या क्षणी मला वडिलांचा वर केलेला हात आठवला. रेशनच्या रांगेत, सगळ्यांच्या डोक्यांवर उभा राहिलेला तो मुका हात. इतकी वर्षं ज्याला मी भिडस्तपणा म्हणत आले तो भिडस्तपणा नव्हता. जोनासनंतर आमचा माग कुणाच्यातरी हातून सुटला होता. धर्म सोडला, गाव सोडलं, दोनदा आडनाव टाकलं. लोकांच्या भीतीने टाकलं असं आम्ही समजत होतो, आणि तीही भीती खरीच होती. पण तिच्याआड आणखी एक होती. आता मी त्या सगळ्या नावांची साखळी जोडून, मोठ्याने वाचून दिली होती. मी उतरवून घेत होते तसं माझ्याबरोबर आणखी कुणीतरी उतरवून घेत होतं.

कागदावर पुढची दोन नावं होती, माझं आणि प्रज्ञेशचं. त्याखाली एक जागा बाळासाठी मोकळी. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून बसून राहिले, प्रज्ञेशने कुलूप उघडून दिवा लावेपर्यंत.

"ताई, अंधारात काय करतेस गं?" त्याने विचारलं.

बीपीची गोळी विसरले होते, असं मी सांगितलं. ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशी गोळी घेतली, डॉक्टरांकडून कान तपासून आणले, आणि घरात कसलाच आवाज आला नाही. मग मीच स्वतःला हसले. फ्रेम छापायला टाकली.

५

बारसं आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये. आधी आमच्या पद्धतीने त्रिशरण-पंचशील झालं, मग नीरजाच्या माहेरच्यांच्या हौसेने पाळणा. फ्रेम मी भिंतीवर टांगली होती. वाचायची मात्र नाही, असं मनाशी पक्कं केलं होतं. नुसती बघू दे त्यांना.

दिगंबररावांनी चष्मा लावून ती बघितली. "हवालदार! वा. याला पुरावा आहे, की आपलं प्रेमाने लिहिलंय?"

"पुरावा आहे. चर्चच्या लष्करी नोंदी आहेत."

"चर्चच्या? म्हणजे मध्ये तेही होऊन गेलं का?" ते आजूबाजूला बघून हसले. "मग वाचून दाखवा की शालनताई. आमच्याकडे बारशाला पाळणा म्हणतात, आपल्याकडे हजेरी घेत असतील."

चारपाच जण खुदकन हसले. त्यांत नीरजाची मावशी होती, आणि हातात पेढा धरलेला आमचाच एक शेजारी होता. माझं डोकंच फिरलं. मी फ्रेम भिंतीवरून काढली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

येसनाक, हवालदार. हॉलच्या दाराशी 'हो' झालं. जोनास. चपलांच्या ढिगाजवळ. आजोबा. खुर्च्यांच्या मधल्या वाटेत. दुसऱ्या कुणाला ते ऐकू येत नव्हतं, मला येत होतं. आणि तरीही थांबले नाही. दिगंबररावांचं हसू एकेका नावाला आखडत चाललं होतं, आणि मला ते गोड लागत होतं. खोटं कशाला बोलू? फार गोड लागत होतं. वडील. शालन. प्रज्ञेश.

प्रज्ञेश पाळण्याशी उभा होता. त्याने कानाजवळ हात फिरवला, डास उडवल्यासारखा.

"वा, वा," दिगंबरराव कोरडेपणाने म्हणाले. "चला, आता नाव ठेवा."

नाव ठेवायचा मान आत्याचा. मी पाळण्यावर वाकले. बाळ जागं होतं, पाय झाडत होतं, स्वतःची मूठ चोखत होतं. बायका हसत माझ्या पाठीवर थापा मारू लागल्या, कुर्र म्हणा, कुर्र म्हणा. धपाधप हात पडत होते आणि उचलले जात होते. त्यातला एक पडला आणि तिथेच राहिला. रुंद होता, गार होता, दोन खांद्यांच्या मधोमध बसला होता. त्याने मला ढकललं नाही. नुसता ठेवलेला होता. पुढचा माणूस बोलायचा थांबला की आपण त्याच्या पाठीवर हात ठेवतो ना, सांग म्हणून, तसा.

मी तोंड घट्ट मिटलं.

"आत्याबाई, नाव!" कुणीतरी ओरडलं.

मी मान हलवली. "आज नको," कसंबसं म्हटलं. "प्रज्ञेश, ऐक माझं. नाव नको ठेवूस. असंच राहू दे बाळाला. सगळं सांगते तुला, पण आज नको."

"ताई, बरं वाटत नाहीये का तुला?"

"नाव नका घेऊ रे कुणी!" मी ओरडले. नीरजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, मी तिच्या वडिलांवरचा राग तिच्या लेकरावर काढतेय. काय वाटायला हवं होतं तिला दुसरं? सगळी दुपार मी तेच तर करत होते.

दिगंबरराव पुढे आले. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला अलगद बाजूला केलं.

"एवढ्या पिढ्या पाठ, आणि एक नाव आठवेना," ते म्हणाले. "असू दे. आजोबांनी ठेवलं म्हणून काही बिघडत नाही."

मी त्यांच्या तोंडावर हात ठेवायला धावले. पण ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने, माझ्याकडे बघत, चढ्या सुरात बोलले. बाळाचं नाव, बाळाच्या बापाचं नाव, आमचं आडनाव. शब्द सुटे सुटे करून.

"हो."

ते सगळ्यांनी ऐकलं. मग हास्याचा नुसता धबधबा. मागून कुणी ओ दिली रे? अगदी वेळेवर! टाळ्या पडल्या, पेढे फिरले, कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं. माझ्या पाठीवर आता काही नव्हतं.

मी पाळण्यात बघितलं. बाळाचं पाय झाडणं थांबलं होतं. मूठ तोंडातून निघाली होती. दोन्ही हात मांड्यांना लावून सरळ केलेले, टाचा एकमेकींना भिडलेल्या, हनुवटी वर. ज्याला अजून मानही धरता येत नव्हती ते माझ्या भावाचं लेकरू पाळण्यात सावधान उभ्या माणसासारखं पडलं होतं, आणि गोळ्या झाडणाऱ्यांना डोळे बांधू नका असं सांगितल्यासारखं समोर बघत होतं.

६

तेव्हापासून ते रडलेलं नाही. नीरजा सगळ्यांना कौतुकाने सांगते, किती शहाणं आहे, भूक लागली तरी रडत नाही. दिगंबरराव आता शनिवार पेठेतून रोज येतात. फ्रेमबद्दल चकार शब्द काढत नाहीत. बाळाकडे टक लावून बघतात, त्यांना काहीतरी खटकतं, आणि मग माझ्याकडे बघतात. मीही त्यांच्याकडे बघते. आमच्या दोघांत आता भांडण उरलेलं नाही. ज्या तोंडांनी भांडायचो त्याच तोंडांनी हे करून ठेवलंय.

प्रज्ञेशला मी सगळं सांगितलं. येसनाक, सोननाक, ती बायको, ते पोर. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला एका मानसोपचारतज्ज्ञाची वेळ घेऊन दिली. चांगला मुलगा आहे तो, मीच वाढवलाय.

काल संध्याकाळी तो ऑफिसमधून आला. बाळ गादीवर होतं. नीरजाने खुळखुळा वाजवला, मी टिचकी वाजवली, त्याने मान वळवली नाही. दारात प्रज्ञेश दिसला मात्र, बाळाचे डोळे वळले आणि तिथेच खिळले. प्रज्ञेशने पाय धुतले, कपडे बदलले, चहा प्याला. डोळे त्याच्या मागोमाग फिरत राहिले.

"बघ ताई," तो म्हणाला. त्याचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. "एवढी माणसं घरात, पण हा बघतो फक्त माझ्याकडे. बरोबर ओळखलंय त्याने मला."

त्याला अडवायला मी हात पुढे केला, पण त्याआधीच त्याने बाळाला उचलून गळ्याशी घेतलं.